हॉटेल हिलव्ह्यूमधलं प्रेत

मालाड,
३ नोव्हेंबर १९५५

प्रिय अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवलंय असं समज आणि आशीर्वाद आधीच देऊन टाक, कारण पुढची बातमी वाचल्यावर तो द्यायचा तू विसरशील. मी सिनेमात काम करतोय.

अनंतरावांना हाका मारू नकोस, आधी पुरतं वाच. गेल्या आठवड्यात आरे कॉलनीत, आमच्या गोठ्यांच्या मागच्या टेकडीवर, शूटिंगवाले आले होते. हिंदी सिनेमा आहे, नाव 'हॉटेल हिलव्ह्यू'. घाटातलं एक झकपक हॉटेल, त्यात आठ पाहुणे, दरड कोसळून रस्ता बंद, पोलिसांना येता येत नाही, आणि तेवढ्यात एक खून! हॉटेल अंधेरीच्या स्टुडिओत उभारलंय. आरेमध्ये फक्त घाटातला रस्ता घ्यायला आले होते.

दिग्दर्शक नंदकिशोर म्हणून आहेत. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट, आणि दिवसभर आमच्या म्हशींमधून हिंडूनसुद्धा संध्याकाळी सगळं पांढरंच! त्यांनी मला पाहिलं आणि जागच्या जागी थांबले. म्हणाले, "ऐसा चेहरा मुझे पूरी बंबई में नहीं मिला." कामाचं विचारलं. मी हो म्हटलं. हक्काची दोन महिन्यांची रजा टाकली.

भूमिका महत्त्वाची आहे. सेठ दामोदरदास, मोठा जवाहिऱ्या. सगळी कथा माझ्याभोवती फिरते. जवळजवळ प्रत्येक प्रसंगात मी आहे. बोलणं फारसं नाही. डोळ्यांनी, म्हणजे एकूण चेहऱ्यानंच करायचं काम आहे. सविस्तर मागाहून.

तुझा
विदू


मुलुंड,
७ नोव्हेंबर १९५५

चि. विदूस,

अरे लबाडा, आशीर्वाद तुला मी एक नाही, दहा देते! पत्र वाचलं आणि मी खुर्चीतून उठले ती थेट शेजारच्या नीलाकडे गेले. नीलानं वरच्या मजल्यावर सांगितलं. संध्याकाळी हे ऑफिसातून आले तर जिन्यातच चौघांनी विचारलं, "मेहुणे सिनेमात गेले म्हणे?" ह्यांनाच काही ठाऊक नव्हतं. माझ्यावर चिडले, मग स्वतःच दुकानापर्यंत जाऊन पेढे घेऊन आले.

मला सगळं नीट कळव. हिरॉइन कोण आहे? तू तिचा बाप आहेस का? जवाहिऱ्या म्हणजे कोट, पगडी, बोटांत अंगठ्या असणार. केस पांढरे करणार आहेत का रे? चव्वेचाळिसाव्या वर्षी तुला सेठ म्हणजे फार होतं.

आणि खरं सांगू? गिरगावच्या त्या गणपतीतल्या नाटकानंतर तू तोंडाला परत रंग लावला नाहीस. सत्तावीस वर्षं झाली. दर दिवाळीला मी विचारते ते उगीच नाही, मला ते टोचत होतं. तू पुन्हा उभा राहतोयस, याचा मला किती आनंद झालाय ते कसं लिहू!

अक्का


मालाड,
१९ नोव्हेंबर १९५५

प्रिय अक्का,

फार गडबडीत आहे. रोज सकाळी नऊला सेटवर. हो, कोट आहे, पगडी आहे, अंगठ्या पाच. केस पांढरे केलेत. हिरॉइन हॉटेलातली गाणारी आहे, माझी मुलगी नव्हे.

उभा राहतोयस म्हणालीस. उभं राहण्याचं काम तसं कमीच आहे. बसूनच बरंच आहे. पेढे फार वाटू नकोस.

विदू


मुलुंड,
२३ नोव्हेंबर १९५५

चि. विदूस,

वनमालेचं कार्ड आलं. तुझ्यापेक्षा तुझी बायको सरळ आहे. तिनं तीन ओळींत सगळं सांगितलं. त्यातली मधली ओळ अशी होती : "हे रोज सकाळी डबा घेऊन मरायला जातात."

विदू, तू प्रेत आहेस?

सगळी कथा तुझ्याभोवती फिरते म्हणे! फिरणारच, मधोमध मरून पडलायस ना! मी इथे काय काय सांगून बसले आहे, कल्पना आहे? नीलाच्या नणंदेला तर मी म्हणाले की शेवटी तूच पोलिसांना बोलावतोस.

हे हसून लोळतायत. मला मात्र हसू येत नाही. जित्याजागत्या माणसाला महिनाभर मेलेला करतात? छातीत सुरा खुपसलेला दाखवतात? वनमालेला म्हणावं, रोज संध्याकाळी घरात पाऊल टाकण्याआधी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक. हसू नकोस, ओवाळून घे.

आणि खरं सांग, त्या नंदकिशोरनं तुझ्या चेहऱ्यात नेमकं काय पाहिलं?

अक्का


मालाड,
३० नोव्हेंबर १९५५

प्रिय अक्का,

ओवाळून घेतोय. मोहऱ्या महाग झाल्यात असं वनमाला म्हणते, पण घेतोय.

आता सगळं खरं. त्या दुपारी मी जेवून आंब्याखाली झोपलो होतो. जाग आली तर भोवती पंधरावीस माणसं उभी, आणि पांढऱ्या कपड्यातला एकजण माझ्यावर वाकून हळूच म्हणत होता, "वाह! क्या मरा है!" त्यांना असा माणूस हवा होता जो तासभर हलणार नाही. आधीच्या दोन प्रेतांना शिंका येत होत्या.

तुला कमीपणा वाटला, पण मला विचारशील तर याच्याइतकी मजा मी आयुष्यात केली नाही. हॉटेलचा दिवाणखाना बघशील तर थक्क होशील! गोल जिना, लाल गालिचा, काचेची झुंबरं, आणि सगळं आपल्या कोकणातल्या सहदेव सुतारानं फळ्या ठोकून केलेलं. संगमरवरी खांबाला टेकलीस तर आख्खा खांब हलेल. त्या दिवाणखान्यात मोठ्या खुर्चीत मी मेलेला. रस्ता बंद, त्यामुळे मला कुणी हलवत नाही. माझ्यासमोर आठजण एकमेकांवर आरोप करतात, सिगारेटी ओढतात, हिरॉइन गाणंही म्हणते. आणि सगळे कसे नटलेले! इस्त्रीची घडी मोडलेला माणूस नंदकिशोर फ्रेममध्ये येऊ देत नाहीत. "खून हो गया तो क्या, स्टाइल नहीं जानी चाहिए," म्हणतात.

यात गंमत अशी की खुनी कोण हे कुणालाच ठाऊक नाही. शेवटच्या प्रसंगाची पानं नंदकिशोरांच्या कपाटात कुलपात आहेत. प्रत्येक नटाला आपणच खुनी असू अशी धास्ती आहे, आणि आपण नसू अशीही. मधल्या वेळात जो तो माझ्या शेजारी येऊन आपापला तर्क सांगतो. प्रेताला सांगितलेलं बाहेर जात नाही, असा त्यांचा समज.

राणीसाहेबांचं काम करणाऱ्या जयंतीबाई मूळच्या नाटकातल्या. काल माझ्या बोटांवरची माशी त्यांनी स्वतःच्या पंख्यानं हाकलली आणि म्हणाल्या, "अहो सामंत, तुम्ही मरता फार छान. मन लावून मरता."

आता सांग, कुठल्या कचेरीत मला असं कुणी म्हणालं होतं?

विदू


मुलुंड,
५ डिसेंबर १९५५

चि. विदूस,

बरं, राग गेला. खरं तर तुझं पत्र मी नीलाला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की दूध उतू गेलं.

आता इथे सगळ्या बिऱ्हाडांना एकच धंदा, खुनी कोण ते ओळखायचं. ह्यांचं मत हॉटेलचा मॅनेजर. नीला म्हणते हिरॉइन, कारण ती देखणी आहे. माझा संशय डॉक्टरवर आहे. आठ पाहुण्यांत एक डॉक्टर आहे असं तू लिहिलं नाहीस, पण असणारच. सेठ मेला असं सांगणारा कुणीतरी लागतोच ना! जो पहिल्यांदा नाडी बघतो त्याच्यावर माझा विश्वास नाही.

शेवटची पानं निघाली की मला पहिलं कळव. मी कुणाला सांगणार नाही. नीलाला सांगितलं तरी ती पुढे सांगणार नाही.

अक्का


मालाड,
१४ डिसेंबर १९५५

प्रिय अक्का,

वाट लागली. हे पत्र वाचून फाडून टाक.

परवा नंदकिशोरांनी कपाट उघडलं. एकट्या मला आत बोलावलं आणि पानं हातात दिली. गळ्याची शपथ घातलीय, त्यामुळे गोष्ट सांगता येत नाही. एवढंच सांगतो की शेवटच्या प्रसंगात मला बोलायचं आहे. अडीच मिनिटं. एका दमात, कॅमेरा वरच्या जिन्यावरून खाली माझ्या चेहऱ्यापर्यंत येईस्तोवर. आठही जण समोर.

घरी पाठ केलं. वनमालेसमोर घडाघडा म्हटलं. आज सकाळी सेटवर उभा राहिलो. चार वाक्यं नीट गेली. पाचवं आहे, "तुम आठों पर मुझे एतबार था." 'मुझे'पर्यंत आलो आणि पुढे काही नाही. भिंत. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच. सहा वेळा. सहाव्या वेळी माझी नजर आपोआप डावीकडे गेली, खांबाच्या आडोशाला, गिरगावात जशी गेली होती तशीच. तिथे कुणी नव्हतं. सहदेव तेवढा करवत घेऊन उभा होता.

कुणी ओरडलं नाही, अक्का. ओरडले असते तर बरं झालं असतं. नंदकिशोरांनी दिवे बंद करायला सांगितले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, मंगळवारी पुन्हा बघू. नाही जमलं तर शेवट बदलायचा. "फिर सेठजी मरे ही रहेंगे."

मेलेलंच राहावं असं वाटतंय. गिरगावात लोकांनी केलेलं हू-हू मला आजही ऐकू येतं. बाबा म्हणाले होते ना, याच्यानं चारचौघांत तोंड उघडणं होणार नाही. म्हणून तर म्हशींच्या कचेरीत नोकरी धरली. मी उद्या निरोप पाठवून टाकतो, जमणार नाही म्हणून.

विदू


मुलुंड,
१६ डिसेंबर १९५५

चि. विदूस,

निरोप पाठवला असलास तर स्वतः जाऊन परत घे. आधी हे पत्र वाच.

मेलेला माणूस अडीच मिनिटं बोलणार, म्हणजे काय ते मला कळलं. आणि त्याची नाडी पाहणारा डॉक्टर त्याला सामील असणार, हेही कळलं. घाबरू नकोस. नीलाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. माझ्या जन्मात मी पहिल्यांदा काहीतरी पोटात ठेवलंय असं म्हणणार होते, पण ते खोटं ठरेल. आणखी एक गोष्ट सत्तावीस वर्षं ठेवलेली आहे.

गिरगावच्या नाटकात तू प्रधान होतास. मी आतल्या बाजूला पुस्तक धरून बसले होते. तुझं वाक्य अडलं, तू माझ्याकडे पाहिलंस. पुस्तक माझ्या हातात उघडं होतं, पण मी त्यात नव्हते. पडद्याच्या फटीतून बाहेर बघत होते. तिसऱ्या रांगेत मांडीवर टोपी ठेवून एक मुलगा बसला होता. मी त्याच्याकडे बघायच्या आधीपासून तो माझ्याकडे बघत होता. त्याच्याशीच पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं.

भानावर आले तेव्हा लोक ओरडायला लागले होते. पान शोधलं तर दोन पानं पुढे गेलेली. तू तसाच उभा. किती वेळ उभा होतास रे! मग पडदा पाडला.

घरी बाबा तुला बोलले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येऊन सांगायला हवं होतं, की चूक माझी आहे, एक शब्द आतून आला असता तर याचं सगळं पुढे गेलं असतं. पण सांगितलं असतं तर कुठे बघत होतीस हे विचारलं असतं. मी गप्प बसले. आज सांगू, उद्या सांगू करत माझी मुलं मोठी झाली.

तू विसरला नव्हतास, विदू. सगळेच क्षणभर अडतात, म्हणून तर आत माणूस बसवतात. तो माणूस मी होते आणि मी तिथे नव्हते.

याच्यापुढे काय लिहू ते कळत नाही. मंगळवारी सेटवर जा.

अक्का


मुलुंड,
१० जानेवारी १९५६

चि. विदूस,

तीन आठवडे झाले. मंगळवारी काय झालं ते कळलं नाही. वनमालेला कार्ड टाकलं, तिचं उत्तर आलं, "ते लिहितील." बस.

तू रागावला असशील तर तसं लिही. शिव्या दे. ह्यांनी विचारलं, विदूचं पत्र का नाही, तर मी त्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मला आठवतं ते नाटक. मला वाटलं होतं, तो मुलगा मुद्दाम थांबलाय."

एक ओळ तरी लिही.

अक्का


मालाड,
१४ जानेवारी १९५६

प्रिय अक्का,

रागावलो होतो. आता सांगायला हरकत नाही.

तुझं पत्र सोमवारी दुपारी मिळालं. वाचून मी इतका संतापलो की वनमालेनं वाढलेलं ताट तसंच सोडून बाहेर पडलो. चालत चालत पार आरेच्या रस्त्याला लागलो. सत्तावीस वर्षं! मला बाबांचा राग आला नाही, त्या ओरडणाऱ्या लोकांचा आला नाही, तुझा आला. तू मला राखी बांधत होतीस, माझ्या लग्नात मिरवत होतीस, आणि दरवर्षी दिवाळीला "तू परत नाटकात काम का नाही रे करत?" असं विचारत होतीस!

मंगळवारी त्याच रागात खुर्चीत जाऊन मेलो. जयंतीबाईंनी ओळखलं. म्हणाल्या, "आज तुमचं प्रेत गरम दिसतंय." मी म्हटलं, मी अडणार आहे, मला ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, "मग अडा की. मी चाळीस वर्षं अडतेय. अडले की समोरच्याकडे रोखून बघते. लोक म्हणतात, काय ती नजर!"

दिवे लागले. मी डोळे उघडले. सुरा छातीतून काढून टेबलावर ठेवला आणि उठलो. समोरच्या आठजणांनी मला आदल्या खेपेला सहादा उठताना पाहिलं होतं, आणि तरी हिरॉइन एक पाऊल मागे सरकली. चार वाक्यं झाली. "तुम आठों पर मुझे" आणि तिथेच, ठरल्या जागी, सगळं पुसून गेलं.

या वेळी डावीकडे पाहिलं नाही. तिथे कुणी नसतं हे आता मला माहीत होतं. मी त्या आठजणांकडे पाहिलं, एकेकाकडे, सावकाश. मला तू दिसत होतीस. मनात म्हटलं, सांगायचंस ना गं मला. आणि शब्द आला. "एतबार था." त्याच्या मागून बाकीचं सगळं आलं, अडीचच्या जागी साडेतीन मिनिटं लागली. मधलं एक वाक्य गाळलं, ते कुणाला कळलंही नाही.

नंदकिशोर 'कट' म्हणाले. मग माळ्यावरून सहदेवचा आवाज आला, "गो बाय माझे!" आणि सगळे हसले, टाळ्या वाजल्या. नंदकिशोरांनी येऊन मला मिठी मारली. त्यांच्या पांढऱ्या शर्टाला माझं खोटं रक्त लागलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

एवढं होऊनही तुला लिहायला बसलो की हात थांबायचा. काल वनमाला म्हणाली, "अक्कांनी त्या वेळी पुस्तकात बघितलं असतं, तर भावोजी दुसऱ्या कुणाचे झाले असते. चाललं असतं का तुम्हाला?" मी विचार केला. अनंतरावांशिवाय मुलुंडला जाऊन मी काय करू? पत्ते कुणाशी खेळू?

तेव्हा संक्रांतीच्या निमित्तानं भांडण मिटवतो. तीळ वनमालेनं भाजलेत, रविवारी घेऊन येतो. पण अक्का, पुन्हा असं काही पोटात ठेवलंस तर मी खरंच बोलणार नाही.

विदू


मुलुंड,
२७ ऑगस्ट १९५६

चि. विदूस,

सिनेमा लागला! घाटकोपरच्या टॉकीजला इथली सगळी बिऱ्हाडं लोटलीत. पहिल्या दिवशी आम्ही दोघं, नीला, तिचा नवरा आणि ती नणंद.

काय ते हॉटेल! तो जिना, ते झुंबर! आणि खुर्चीत तू. मला वाटलं होतं तुला तसं बघवणार नाही, पण तासाभरानं सवय झाली. जयंतीबाई तुझ्यावर वाकून हसतात तेव्हा नीला म्हणाली, "हीच." मग मॅनेजर खोटं बोलताना सापडला, ती म्हणाली, "नाही, हाच." मी तोंडात पदराचा बोळा धरून बसले होते. आठ महिने गुपित सांभाळलं, शेवटच्या दहा मिनिटांत फुटलं असतं तर काय उपयोग!

आणि तू डोळे उघडलेस. अख्ख्या टॉकीजमधून एकच किंकाळी उठली. नीलानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून काळंनिळं आहे. मागे कुणीतरी ओरडलं, "अरे, जिता है!" सुटल्यावर जिन्यात नीला माझ्याशी भांडली, एवढं माहीत होतं आणि बोलली नाहीस म्हणून. चार दिवस अबोला होता. काल धिरड्यांचं पीठ मागायला आली.

वनमाला लिहिते की नंदकिशोरांचं पुढच्या सिनेमासाठी बोलावणं आलंय, न्यायाधीशाचं काम, आणि तू विचार करतोयस. विचार कसला करतोस? हो म्हणून टाक. म्हशी कुठे जात नाहीत.

एक सांगायचंय. पोटात ठेवायचं नाही असं बजावलंयस म्हणून सांगते. सिनेमा मी तीनदा पाहिला. तिन्ही वेळा तू "तुम आठों पर मुझे" म्हणालास आणि थांबलास, की माझे डोळे गच्च मिटतात. ह्यांना सगळं दिसतं, नीलाला दिसतं, मला फक्त ऐकू येतं. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा उघडते. म्हणजे तू काय केलंस ते मी अजून पाहिलेलंच नाही.

येत्या रविवारी तीनच्या खेळाची तिकिटं ह्यांनी काढलीत. चार आहेत. वनमालेला घेऊन ये. तू माझ्या शेजारी बस आणि तो प्रसंग आला की माझा हात घट्ट धर. मी डोळे उघडे ठेवणार आहे.

अक्का